भीड भिकेची बहीण

परवा लक्ष्मी रोडला गेलो होतो. दिवाळीच्या आधीचा रविवार, म्हणजे पायी चालणाऱ्यालाही ट्रॅफिक जॅम लागतो अशी अवस्था. भाच्यासाठी एक सदरा घेतला. किंमत सहाशे चाळीस रुपये. रोख पैसे मोजून पुढे केले, तर काउंटरवरची मुलगी मान वर न करताच म्हणाली, "मोबाइल नंबर?"

मी म्हटलं, "नंबर कशाला? रोख देतोय की."

"सर, नंबर टाकल्याशिवाय बिल निघत नाही."

माझ्यामागे दहाएक माणसं. एका बाईंनी मोठ्ठा उसासा टाकला. कोणाचं तरी लहान पोर रडत होतं. आणि मी... मी मुकाट्याने दहाच्या दहा आकडे सांगून टाकले. तेही मोठ्याने, कारण गोंगाटात तिला ऐकू येईना. म्हणजे तिच्याबरोबर मागच्या दहा जणांनाही सांगितले!

दुकानाबाहेर आलो आणि स्वतःचाच भयंकर राग आला. कारण दुसऱ्या कोणी नाही तरी मी तरी हे करायला नको होतं. का, ते सांगतो. थोडी लांबण लागेल, पण फराळ करता करता वाचा.

२०२३ सालची दिवाळी. आई मिरजेला एकटी असते, हे नातेवाइकांना माहीतच आहे. वय तेव्हा एकाहत्तर. आम्ही सगळे नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी तिकडे पोचणार होतो. सुनेला पाडव्याला द्यायला म्हणून तिने एक साडी ऑनलाइन मागवली होती. शेजारच्या मुलीने मोबाइलवर दाखवलं, आईने पसंत केली, झालं. तिला त्याचं कोण कौतुक! फोनवर मला म्हणाली, "आता तुझ्यावाचून माझं काही अडत नाही."

धनत्रयोदशीला दुपारी तिला फोन आला. पार्सल आलंय पण पत्ता अपुरा आहे, त्यामुळे परत जाईल, असं. बोलणाऱ्याला तिचं नाव माहीत होतं, पत्ता माहीत होता, आणि पार्सलमध्ये साडी आहे हेसुद्धा माहीत होतं. मग तिने का संशय घ्यावा? पत्ता दुरुस्त करायला फक्त पाच रुपये भरायचे, मी लिंक पाठवतो, असं तो म्हणाला. लिंक दाबल्यावर पार्सल कुठे आहे ते दाखवणारं एक ॲप फोनमध्ये उतरलं. ॲपने मेसेज वाचायची परवानगी मागितली, आईने दिली. त्यात डेबिट कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे भरायला सांगितले, आईने भरले. पाच रुपयांचाच तर प्रश्न होता.

त्या रात्री तिच्या खात्यातून तीन वेळा मिळून अडतीस हजार चारशे रुपये गेले. बँकेकडून येणारे ओटीपी तिने कोणालाच सांगितले नव्हते. सांगायची गरजच नव्हती. ते ॲपच मेसेज वाचून तिकडे पोचवत होतं.

आता यातला खरा मुद्दा. आईला पहाटे सहाला फोन बघितल्यावर सगळं कळलं होतं. आम्ही त्याच संध्याकाळी घरी पोचलो. अभ्यंगस्नान झालं, लक्ष्मीपूजन झालं, पाडवा झाला. आई करंज्या वाढत होती, नातवंडांच्या मागे फिरत होती. साडी आली नाही, तर म्हणाली, "उशीर झालाय त्यांच्याकडून." आणि भाऊबीजेला सगळे दुपारचे आडवे झाले असताना ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "माझ्याकडून एक मूर्खपणा झालाय. रागावणार नाहीस ना?"

पाच दिवस! एकाहत्तर वर्षांची बाई हे पोटात घेऊन पाच दिवस सण साजरा करत होती.

मी काय केलं असेल? रागावलो. अगदी रीतसर. "तुला किती वेळा सांगितलंय" पासून सुरुवात केली. ती गप्प ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "तो मुलगा फार चांगलं बोलत होता रे. मला आई म्हणत होता. मला नीट दिसत नव्हतं तर तीन तीन वेळा सांगितलं त्याने, कुठे दाबायचं ते. जराही चिडला नाही."

माझी बोलती बंद झाली. मोबाइलमधलं काहीही विचारलं की मी तिला कसं उत्तर देतो, ते मलाच ठाऊक. "अगं आई, वरचं, वरचं बटण! सोड, मी आल्यावर करून देतो." चोर माझ्यापेक्षा मऊ बोलत होता. तिचा विश्वास त्याने अर्ध्या तासात मिळवला, आणि मी मात्र तो इतक्या वर्षांत थोडा थोडा घालवला होता.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९३० या नंबरवर तक्रार केली. पोलिसांत गेलो, बँकेत गेलो. बँकेचं म्हणणं, माहिती खातेदाराने स्वतःहून भरली आहे. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये याबाबत एक परिपत्रक काढलं होतं. बँकेची चूक नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा प्रकारात तीन कामाच्या दिवसांच्या आत कळवलं तर ग्राहकावर काही भार नाही, असं त्यात आहे. पण ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंत झालेलं नुकसान त्याचंच. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे कसंही बघा, सगळा खेळ किती लवकर कळवता यावर. १९३० चं कामही त्याच तत्त्वावर चालतं. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पळत असतात. तुमची तक्रार वेळेत आली तर ते वाटेतच कुठेतरी गोठवता येतात. आमची तक्रार पाच दिवसांनी गेली. साडेसात हजार एका खात्यात अडकलेले सापडले, बाकीचे गेले ते गेले.

ते पाच दिवस चोराने चोरलेले नव्हते. ते माझ्या धाकाने गेले.

मराठीत म्हण आहे, भीड भिकेची बहीण. लहानपणी वाटायचं, ही म्हण उसने पैसे मागणाऱ्या नातेवाइकांना नाही म्हणता यावं म्हणून केली असेल. पण या प्रकरणानंतर मला ती रोज आठवते. आपली माहिती आपण कुठे कुठे देतो ते बघा. मॉलमध्ये सोडतीचं कुपन भरा म्हणतात, आपण नाव, पत्ता, जन्मतारीख, लग्नाची तारीख, सगळं सुवाच्य अक्षरात लिहून देतो. बक्षीस लागलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही, पण ते असो. चपलांच्या दुकानात नंबर, मिठाईच्या दुकानात नंबर, औषधाच्या दुकानात तर नंबर आणि आजार दोन्ही. यातलं काहीही आपण बावळट म्हणून देत नाही. समोरच्याला नाही म्हणणं असभ्य वाटतं म्हणून देतो. मागे रांग असते म्हणून देतो. आणि चोराला नेमकं हेच कळलेलं असतं, की हा माणूस सभ्य आहे आणि घाईत आहे. एवढं भांडवल त्याला पुरतं.

मला कोणी म्हणेल, पूर्वी काय वेगळं होतं? आमच्या मिरजेच्या घराखालच्या वाण्याकडे उधारीची वही होती. त्याला आमच्या घरात किती साखर लागते हे माहीत होतं, पाहुणे कधी आले हे माहीत होतं, बाबांचा पगार कधी झाला हेसुद्धा माहीत होतं. लक्ष्मीपूजनाला त्या वहीची पूजा व्हायची. खरंय. पण त्याला आम्ही माहीत होतो तसा आम्हाला तो माहीत होता. त्याचं घर, त्याची मुलं, त्याच्या तराजूची खोड, सगळं. आणि त्याची वही त्याच्या गल्ल्याजवळच राहायची, ती रात्रीतून दुसऱ्या गावी जायची नाही. आजच्या दुकानात मी सांगितलेला नंबर कुठे जातो, कोणाच्या हाती पडतो, मला कळत नाही, आणि खरं तर त्या काउंटरवरच्या मुलीलाही कळत नाही. एकतर्फी ओळख आहे ही. त्याला मी माहीत, मला तो माहीत नाही. आईच्या फोनवर झालं ते हेच. साडीची बातमी चोरापर्यंत कशी गेली याचा छडा आम्हाला लागला नाही. पण एवढ्या ठिकाणी आपण स्वतःच आपली माहिती पेरून ठेवली असेल, तर कुठलं पीक कुठल्या दाण्याचं, हे कोण सांगणार?

कायदा आहे ना, असंही कोणी म्हणेल. आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने ऑगस्ट २०१७ मध्ये सांगितलं. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ च्या ऑगस्टमध्ये झाला. त्याचे नियम निघायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला, आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यात आणखी दीड वर्षाची मुदत ठेवली. दुकानातल्या नंबरबद्दल तर मे २०२३ मध्येच केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने उद्योग संघटनांना कळवलं होतं, की नंबर दिल्याशिवाय बिल देत नाही म्हणणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणजे परवा लक्ष्मी रोडवर कायदा माझ्या बाजूने होता. पण मागे उसासे टाकणाऱ्या बाई त्याच्या बाजूने होत्या ना! हक्क कागदावर असतो, भीड मनात असते. अशा वेळी मनातलं जिंकतं.

चोरांची एकेक वाट बंदही होत असते. पूर्वी ते यूपीआयवर पैसे मागण्याची विनंती पाठवायचे आणि सांगायचे, पैसे मिळवायला पिन टाका. व्यक्तीने व्यक्तीकडे अशी विनंती पाठवण्याची सोयच १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. कुरियरवाला म्हणून फोन करून काही आकडे दाबायला लावायचे आणि तुमचे कॉल स्वतःकडे वळवून घ्यायचे, हीसुद्धा एक युक्ती होती. त्यावर सरकारने एप्रिल २०२४ मध्ये फोन कंपन्यांना आकडे दाबून कॉल वळवण्याची सोय थांबवायला लावली. चांगलंच झालं. पण एक भोक बुजवलं की उंदीर दुसरं पाडतो. युक्ती दर दिवाळीला नवी असते. तिच्या मुळाशी असलेल्या गोष्टी मात्र जुन्याच, घाई आणि भीड. त्यामुळे युक्त्यांची यादी पाठ करून फार उपयोग नाही, असं माझं मत झालंय. थोड्या सवयी लावून घ्याव्यात, त्या सगळ्या युक्त्यांना पुरतात.

आमच्या घरी आता ज्या सवयी आहेत, त्या सांगतो. उपदेश नाही, आपली आमची पद्धत.

खरेदीसाठी वेगळं खातं. आईचं पेन्शनचं खातं कुठल्याच ॲपला जोडलेलं नाही. दुसऱ्या खात्यात पाच हजारांच्या वर ठेवायचेच नाहीत. यूपीआय त्यालाच, कार्डही त्याचंच. गेले तर पाच हजार जातील, झोप जाणार नाही. कार्डावर परदेशी व्यवहार बंद, आणि रोजची मर्यादा कमीत कमी.

पैसे येत असतील तर पिन लागत नाही. पिन पैसे जाताना लागतो. हे वाक्य आईने पंचांगामागे स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय.

मेसेजमधून आलेल्या लिंकवरून ॲप घ्यायचं नाही, मग ते पार्सलचं असो, विजेच्या बिलाचं असो की लग्नाच्या आमंत्रणाचं. कुठलंही ॲप मेसेज वाचायची परवानगी मागायला लागलं की थांबायचं. मेसेज म्हणजे ओटीपी, आणि ओटीपी म्हणजे किल्ली.

पार्सलबद्दल फोन आला तर फोन ठेवायचा, आणि जिथून वस्तू मागवली तेच ॲप उघडून आपण स्वतः बघायचं. दुकानाचा किंवा बँकेचा मदतीचा नंबर गूगलवर शोधायचा नाही, तिथे चोरांनी आपले नंबर पेरलेले असतात. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो, तो घ्यायचा.

पार्सलच्या खोक्यावरचा नाव-नंबराचा कागद फाडून भिजवून टाकायचा, मगच खोकं रद्दीत. आई हे काम मन लावून करते. पूर्वी पत्रिकेच्या पाकिटावरची तिकिटं काढायची, त्याच निगुतीने.

गावाला निघालो की गाडीतला हसरा फोटो लगेच फेसबुकवर टाकायचा नाही. परत आल्यावर टाकावा. लाइक तेवढेच मिळतात, अनुभव आहे :)

आणि शेवटची सवय, जी खरं तर पहिली आहे. ती आईसाठी नाही, माझ्यासाठी आहे. घरात कोणाचे पैसे गेले, कोणी चुकीचं बटण दाबलं, कोणी कोणाला काही सांगून बसलं, तर त्याने त्याच मिनिटाला घरातल्या कोणालाही फोन करायचा. रात्री दोन वाजता केला तरी चालेल. आणि फोन घेणाऱ्याने पहिलं वाक्य एकच बोलायचं, "बरं झालं सांगितलंस." त्यानंतर बँकेला फोन, १९३० ला फोन, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार. "तुला किती वेळा सांगितलं होतं" हे वाक्य आमच्या घरात कायमचं बंद.

हे लिहायला सोपं आहे, पाळायला फार अवघड. गेल्या वर्षी माझा मुलगा एका गेमच्या नादात नऊशे रुपये घालवून बसला. मला सांगायला आला तेव्हा ते बंद केलेलं वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. "बरं झालं सांगितलंस" म्हणालो, पण चेहरा काय सांगत होता देव जाणे. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही रागावलाय पण बोलत नाही आहात." म्हटलं, सध्या एवढंच जमतंय, चालवून घे.

भीड दोन प्रकारची असते, हे मला या सगळ्यातून कळलं. परक्याची भीड आणि आपल्या माणसाची भीड. परक्याच्या भिडेपोटी आपण माहिती देऊन बसतो, आणि आपल्या माणसाच्या भिडेपोटी झालेली चूक लपवतो. चोराला दोन्ही लागतात. पहिली त्याला घरात घेते, दुसरी त्याला पळायला वेळ देते. पहिली भीड ज्याची त्याने सोडायची. दुसरी मात्र समोरच्याने सोडवायची असते. आईला माझा धाक वाटू नये ही जबाबदारी आईची नाही, माझी आहे.

हे लिहू का म्हणून आईला विचारलं. ती म्हणाली, "लिही. चारजणांचे वाचले तर माझे अडतीस हजार सत्कारणी लागले म्हणीन. फक्त सुशिक्षित बाई असून असं केलं, असं कोणी म्हणायला नको." म्हणून आत्या, मावशी, काका, तुम्ही हे वाचत असाल तर दिवाळीला तिला भेटल्यावर या विषयावर सल्ला देऊ नका. तिला आता तुमच्यापेक्षा जास्त कळतं. तिलाच विचारा.

पुरावा हवा असेल तर हा घ्या. लक्ष्मी रोडवरचा माझा पराक्रम मी तिला फोनवर सांगितला. ती खूप हसली. मग म्हणाली, मागच्या आठवड्यात ती मिरजेत पणत्या आणि उटणं घ्यायला एका मोठ्या दुकानात गेली होती. तिथल्या मुलाने विचारलं, "आजी, मोबाइल नंबर?" आई म्हणाली, "आधी तुझा सांग बाळा, मग मी माझा सांगते." तो मुलगा गोंधळला. मागे रांग होती. आई म्हणाली, "त्यांना थांबू दे, मला घाई नाही."

बिल निघालं. नंबराशिवाय.

असो. चकल्यांचा वास यायला लागलाय, थांबतो. दिवाळीच्या सगळ्यांना मनापासून शुभेच्छा. आणि तुमच्या घरी कोणी दोन दिवस उगाच गप्प गप्प असेल, तर जरा शेजारी जाऊन बसा.